मिनी ट्रॅक्टर घ्यायचाय, पण मनातल्या मॉडेलचा डीलर शंभर किलोमीटरवर. काय करावं?

उमदी_द्राक्ष

नमस्कार मंडळी. जत तालुक्याच्या पूर्व टोकाला, उमदीजवळ आमची शेती आहे. चार एकर द्राक्ष (सगळं बेदाण्यासाठी, सुपर सोनाका आणि थोडं थॉमसन), दोन एकर डाळिंब आणि खाली ज्वारी-तूर. द्राक्षातलं अंतर बहुतेक ठिकाणी नऊ बाय पाच फूट आहे. आजवर फवारणी भाड्याच्या ट्रॅक्टर-ब्लोअरवरच (पंख्याच्या हवेने औषध उडवणारं यंत्र) चालली.

गेल्या ऑक्टोबर छाटणीत काय झालं ते सांगतो, म्हणजे घाई कशाची ते कळेल. पानं चार-पाच झाली होती, घड नुकते दिसायला लागले होते. तीन दिवस ढग हटले नाहीत, रात्री भुरभुर पाऊस आणि सकाळी पानांवरून पाणी ओघळतंय. भाड्याचा ब्लोअर आधी ज्यांनी सांगितलं त्यांच्याकडे गेला, त्यात त्याचं काही चुकलं नाही. आमचा नंबर तिसऱ्या दिवशी दुपारी लागला. आठवड्याभरात ओढ्याकडच्या अर्ध्या एकरात घडांवर डावणी रोगाची पांढरी बुरशी दिसली. पुढे हात लावला की मणी गळायचे. वडील ओळीत उभे राहून एकेक घड तोडून टाकत होते. त्याच दिवशी ठरलं की ट्रॅक्टर स्वतःचा हवा.

२४ ते २८ एचपी, फोर व्हील (चारही चाकांना इंजिनाचा जोर), रुंदी चार फुटांच्या आत, असं डोक्यात आहे. दोन मॉडेल निवडली आहेत. पहिलं तीन सिलिंडरचं. चालवून बघितलं, अगदी हलकं चालतं, ओळीच्या टोकाला एका दमात वळतं. डीलर सांगलीत, म्हणजे आमच्यापासून शंभराच्या वर किलोमीटर. त्याच कंपनीचा विजापूरला पण आहे. तो बराच जवळ, पण कर्नाटकात. दुसरं मॉडेल दोन सिलिंडरचं, थोडं रुंद आणि थरथर जास्त. पण त्याचं वर्कशॉप जतला, चाळीसेक किलोमीटरवर. पहिलं साठ हजारांनी महाग पडतंय. कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही, कारण एकाच कंपनीचा डीलर एका तालुक्यात उत्तम आणि शेजारच्या तालुक्यात वाईट असू शकतो.

मन पहिल्यावर आहे. तुम्ही काय केलं असतं?

बेदाणा_तासगाव

दादा, मी चार वर्षांपूर्वी नेमक्या याच ठिकाणी उभा होतो आणि मनाचं ऐकलं. ट्रॅक्टर आजही उत्तम आहे, त्याबद्दल एक शब्द वाईट बोलणार नाही. पण दुसऱ्या वर्षी फुलोऱ्याच्या आधी पीटीओ शाफ्टचं (इंजिनाची ताकद ब्लोअरला देणारा मागचा दांडा) ऑइल सील गेलं. सकाळी शेडमधून काढताना खाली तेलाचं थारोळं दिसलं. शाफ्टला बोट लावलं तर तेल धारेला लागलेलं.

ते सील म्हणजे तळहातावर मावणारी रबराची चकती, किंमत दोनशेच्या आत. डीलरला फोन केला तर म्हणाले स्टॉकमध्ये नाही, पुण्याहून मागवतो. मध्ये रविवार आला, नंतर पार्सल चुकलं. पाच दिवस ट्रॅक्टर जाग्यावर. पाच दिवस पाठीवरच्या पंपाने सहा माणसं लावून फवारणी केली. मजुरीचं सोडा, पण घडाच्या आतपर्यंत औषध पोचलं नाही ते नाहीच.

तेव्हापासून मी ट्रॅक्टरची किंमत वेगळ्या रीतीने मोजतो. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये तो बंद पडला तर किती तासांत परत ब्लोअर ओढेल? हे तास बारा असतील तर ट्रॅक्टर स्वस्त. शंभर असतील तर फुकट मिळाला तरी महागच.

निफाड_३५

आमच्याकडे पिंपळगाव-ओझर पट्ट्यात जवळजवळ सगळ्या कंपन्यांचे डीलर आहेत, त्यामुळे तुमची अडचण आम्हाला तितकी येत नाही. तरी एक सांगतो. डीलरच्या आधी ब्लोअरचं गणित करा. ६०० लिटरचा ट्रेल ब्लोअर म्हणजे भरलेल्या टाकीत ६०० किलो नुसतं पाणी आणि वर मशीनचं वजन. पंखा आणि पंप मिळून पीटीओवर चांगलाच भार येतो. जाहिरातीत लिहिलेला एचपी इंजिनचा असतो, पीटीओवर त्याहून कमी मिळतो. मध्य प्रदेशातल्या बुदनीला ट्रॅक्टर तपासणारी केंद्र सरकारची संस्था आहे. तिच्या चाचणी अहवालात पीटीओची ताकद आणि लिफ्ट दोन्ही मोजून दिलेली असते. सेल्समनकडे तो अहवाल मागा. १५ एचपीचा एक सिलिंडरवाला कोळपणी-रोटाव्हेटरला छान, पण या ब्लोअरला तो पुरणार नाही. तुम्ही २४ च्या वर बघताय ते बरोबर आहे.

पाना_बावीस

मी एकोणीस वर्षं ट्रॅक्टर उघडतोय. आधी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये होतो, आता मिरज रोडला स्वतःचं गॅरेज. थोडं सविस्तर लिहितो, कारण दर मोसमाला हाच प्रश्न येतो.

पहिली गोष्ट, इंजिनाला घाबरू नका. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून नवे धूर-नियम लागू झाले, त्यात इलेक्ट्रॉनिक्स बरंच आलं आणि लॅपटॉप लावल्याशिवाय दोष सापडत नाही. मिनी ट्रॅक्टर त्या नियमात नाहीत. त्यांचा पंप मेकॅनिकल असतो, चांगला डिझेल मिस्त्री तो तालुक्याच्या गावात बसवू शकतो. मिनीत सहसा इंजिन रडवत नाही, रडवतात त्याभोवतालच्या वस्तू. फॅन बेल्ट, वॉटर पंप, डिझेल फिल्टर, क्लच प्लेट, पीटीओचं सील आणि फोर व्हीलमध्ये पुढच्या एक्सलची सीलं. त्यातली निम्मी बेअरिंगच्या दुकानात मापावर मिळतात. उरलेली त्या मॉडेलचीच लागतात आणि तिथे डीलरशिवाय इलाज नाही.

दुसरी गोष्ट तेलाची. आता बहुतेक मिनीत ब्रेक तेलात बुडालेले असतात. गिअर, हायड्रॉलिक आणि ब्रेक, सगळ्यांना एकच तेल आणि ते ठरावीक ग्रेडचंच. गावातला मिस्त्री जुन्या सवयीने साधं गिअर ऑइल ओततो. चार महिन्यांनी ब्रेक किंचाळायला लागतात, लिफ्ट धक्के देते, आणि लोक म्हणतात कंपनी खराब. डीलर लांब असेल तर हे तेल वीस लिटरचं कॅन घरात हवंच.

तिसरी गोष्ट टायरची, ही कुणी सांगत नाही. फोर व्हीलमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांच्या घेराचं प्रमाण ठरलेलं असतं. मागचे टायर झिजलेले आणि पुढचे नवे घातले, किंवा मापात बसतो म्हणून दुसऱ्या साइजचा टायर चढवला, तर दोन्ही एक्सल एकमेकांशी भांडतात आणि गिअर खातात. डांबरी रस्त्यावर फोर व्हील चालू ठेवला तरी तेच होतं. मिनीच्या पुढच्या टायरची साइज साध्या टायरवाल्याकडे नसते. सांगली-विजापूरला ती कोण ठेवतो, हे घेण्याआधीच विचारून ठेवा.

आणि शोरूमला जाऊ नका, वर्कशॉपला जा. शोरूममध्ये चहा मिळतो, माहिती वर्कशॉपमध्ये मिळते. मोसमातल्या कुठल्याही मंगळवारी-बुधवारी सकाळी अकरा वाजता जाऊन उभे राहा. किती ट्रॅक्टर उघडे पडलेत बघा, कुणाचा किती दिवसांपासून आहे ते त्या शेतकऱ्यालाच विचारा. मग पार्टच्या काउंटरवर जा. सेल्समनला सोबत घेऊ नका. मॉडेलचं नाव सांगून क्लच प्लेट, पीटीओ सील, डिझेल फिल्टर आणि वॉटर पंप एवढे चार पार्ट मागा. माणूस रॅककडे वळला तर ठीक. कॉम्प्युटरकडे वळला तर किती दिवस लागतील विचारा आणि त्यात दोन दिवस मिळवा.

शिवारातली

कासेगावहून लिहितेय (पंढरपूरचं). आमच्याकडे ट्रॅक्टरचं सगळं मीच बघते, हे नोकरीला बाहेरगावी असतात.

डीलर जवळ आहे म्हणजे सपोर्ट आहे असं समजू नका. आमचा डीलर बारा किलोमीटरवर होता. दीड वर्षाने त्याने एजन्सी सोडली. फलक उतरला, आत सिमेंटच्या गोण्या. माझ्या सर्व्हिस बुकात तीन मोफत सर्व्हिसची कुपनं शिल्लक होती. कंपनीच्या टोल फ्रीवर रोज फोन केला, आठव्या दिवशी दुसऱ्या जिल्ह्यातून माणूस आला. आला तो चांगला होता, काम नीट करून गेला. पण आठ दिवस गेले.

त्यातून शिकलेलं सांगते. प्रत्येक सर्व्हिसचं जॉब कार्ड आणि बिल जपून ठेवा, त्यावर तासांचा आकडा लिहून घ्या. पहिली सर्व्हिस ५० तासांच्या आसपास असते, ती चुकवू नका. नवीन गिअरबॉक्समधला लोखंडाचा कीस तेव्हाच बाहेर पडतो. वॉरंटी वर्षं किंवा तास, जे आधी संपेल त्यावर असते. कागद नसेल तर नवा डीलर पहिला प्रश्न तोच काढतो. एजन्सी किती वर्षांची आहे, जागा स्वतःची की भाड्याची, मालक दुसऱ्या कशात गुंतलाय का, हे गावात चार ठिकाणी विचारा. लोकांना सगळं माहीत असतं.

आणि अनुदानासाठी अर्ज करणार असाल तर महाडीबीटीवर (सरकारी अनुदानाचं पोर्टल) पूर्वसंमती आल्याशिवाय बिल करू नका. आमच्या जावेने आधी ट्रॅक्टर आणला आणि मग अर्ज केला. सव्वा लाखापर्यंतचं अनुदान हातचं गेलं.

उमदी_द्राक्ष

सगळ्यांचे मनापासून आभार. पाना_बावीस साहेब, तुमची पोस्ट वहीत उतरवून घेतलीय.

दोन शंका आहेत. विजापूरच्या डीलरकडून सर्व्हिस घेतली तर वॉरंटीला अडचण येते का? आणि कंपनीच बंद झाली तर काय होतं? आमच्या पाहुण्यांकडे फोर्सचा ऑर्चर्ड मिनी आहे. फोर्सने २०२४ मध्ये ट्रॅक्टरचा धंदाच बंद केला, तेव्हापासून ते काळजीत आहेत.

पाना_बावीस

वॉरंटी कंपनीची असते, डीलरची नाही. अधिकृत डीलर कुठल्याही राज्यातला असला तरी नियमाने काम व्हायला हवं. पण मोसमाच्या गर्दीत जो आपलं गिऱ्हाईक आहे त्याचा ट्रॅक्टर आधी घेतला जातो, हा माणसाचा स्वभाव आहे. म्हणून घेण्याआधीच विजापूरला जा. वर्कशॉपच्या फोरमनला भेटा, सांगलीतून घेऊन तुमच्याकडे सर्व्हिसला आणला तर चालेल का, असं तोंडावर विचारा. फोरमनचा शब्द मालकाच्या शब्दापेक्षा जास्त टिकतो. गाडीसोबत मिस्त्री उमदीपर्यंत यायचे किती घेतात, किलोमीटरवर की फेरीवर, तेही विचारून ठेवा.

बंद झालेल्या कंपनीबद्दल: ट्रॅक्टर चांगला असेल तर विकायची घाई नको. फिल्टर, बेल्ट, क्लच प्लेट आणि सीलं आत्ताच दोन-दोन घेऊन ठेवायला सांगा. इंजिन-गिअरचे पार्ट बाजारात बरीच वर्षं फिरत राहतात. आधी अडतं ते बॉनेट, मीटर, लाईट अशा बाहेरच्या वस्तूंना, आणि त्यांच्यावाचून फवारणी थांबत नाही.

वाळवा_ऊस_द्राक्ष

मला इथे थोडं वेगळं म्हणायचंय. सगळे डीलर-डीलर करताहेत म्हणून घाबरून चुकीचा ट्रॅक्टर घेऊ नका.

मी जवळचं वर्कशॉप बघून रुंद ट्रॅक्टर घेतला. कागदावर फरक चार-पाच इंचांचाच होता. पण ऑगस्टपासून काड्या ओळीत झुकलेल्या असतात, घड भरले की आणखी खाली येतात. मडगार्डला घासून रोज पाच-सहा घड सोलले जायचे. एका फवारणीत पाच-सहा धरा आणि पूर्ण मोसमाच्या फवारण्या मोजा. शिवाय वळायला दोनदा मागेपुढे करावं लागायचं, त्यात ओळीच्या टोकाच्या, तार ताणून धरणाऱ्या लोखंडी अँगलला दोन वेळा धडक बसली आणि तार सैल झाली. हे नुकसान कुठल्याच वर्कशॉपमध्ये दुरुस्त होत नाही. तीन वर्षांत विकला आणि आता अरुंद घेतलाय. त्याचा डीलर सत्तर किलोमीटरवर आहे.

उमदीकर, दोन्ही ट्रॅक्टर तुमच्या बागेत, तुमच्या ब्लोअरला लावून, टाकी भरून, सगळ्यात अडचणीच्या ओळीत चालवून बघा. डीलर डेमोला नाही म्हणाला तर तिथेच त्याचा सपोर्ट कळला.

सांगोला_भगवा

आम्ही डाळिंबवाले. अंतर चौदा बाय दहा, त्यामुळे रुंदीचा त्रास कमी, पण डीलरचा त्रास तोच. आमच्या वस्तीवर चार जणांनी ठरवून एकाच मॉडेलचे ट्रॅक्टर घेतले. एकाच दिवशी नाही, दीड वर्षात. पण मॉडेल तेच. त्याचा जो फायदा झालाय तो आधी कळला असता तर वडिलांच्या काळातच केलं असतं.

चौघांत मिळून एक पत्र्याची पेटी केलीय. त्यात दोन डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, फॅन बेल्ट, पीटीओ सील, एक्सल सील, रेडिएटरचे होज आणि एक क्लच प्लेट. वापरेल त्याने आठ दिवसांत नवीन आणून ठेवायचं. अगदीच अडलं तर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरचा पार्ट काढून चालत्याला लावतो. आणि डीलर एका ट्रॅक्टरसाठी पन्नास किलोमीटर येत नाही, चार असले की येतो. आता दर सप्टेंबरला, मोसमाच्या आधी, मिस्त्री दिवसभर वस्तीवर येऊन चारही तपासून जातो.

बाकी दोन सवयी. रेडिएटरची जाळी रोज संध्याकाळी हवेने साफ करा. बागेत पानांचा चुरा आणि औषधाचं पाणी मिळून तिथे लेप बसतो आणि इंजिन तापतं. आणि कॅनमधलं डिझेल गाळल्याशिवाय ओतू नका.

निफाड_३५

सांगोलेकरांना पूर्ण अनुमोदन. एक भर घालतो. टोकाला वळताना पीटीओ बंद करून वळा. ट्रेल ब्लोअरच्या शाफ्टला वाकड्या कोनात फिरवलं की त्याचा सांधा (क्रॉस) तुटतो, आणि तो शाफ्ट सुटून माणसाला लागला तर काय होतं ते आमच्या शिवारात बघितलंय. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर कुणी काढून टाकू नका.

उमदी_द्राक्ष

तीन आठवडे झाले, उशिरा लिहितोय. तुमच्या सगळ्यांच्या सांगण्याप्रमाणे करत गेलो, ते कळवायलाच हवं.

आधी जतला गेलो. मंगळवारी, अकराला. वर्कशॉपमध्ये सात ट्रॅक्टर, त्यातले मिनी दोन. त्यातल्या एका शेतकऱ्याला विचारलं, तो आदल्या दिवशी आलेला आणि संध्याकाळी नेणार होता. काउंटरवर चारपैकी चारही पार्ट रॅकवर. मन थोडं हललं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी डेमोला ट्रॅक्टर पाठवला तेव्हा वाळवेकर म्हणाले तेच दिसलं. जुन्या बागेत, जिथे वडिलांनी ओळी आठ फुटांवर घेतल्यात, तिथे मडगार्ड काड्यांना घासत होतं. वडील मागून चालत होते. काही बोलले नाहीत, तुटलेली काडी उचलून हातात घेऊन आले.

सांगलीला चारपैकी दोन पार्ट होते. डेमोला यायला त्यांनी आठ दिवस लावले. ट्रॅक्टर ओळीतून असा गेला की पानही हललं नाही.

मग विजापूर. खरं सांगायचं तर भाषेची धाकधूक होती, पण फोरमन मराठी माझ्यापेक्षा चांगलं बोलतो, त्याची आई सोलापूरची. चारपैकी तीन पार्ट होते, वॉटर पंप नव्हता. तो म्हणाला सांगलीतून घ्या किंवा कुठूनही घ्या, चासी नंबरवर माझ्याकडे नोंद करून जा, उमदी-चडचणकडे आमची गाडी आठवड्यातून दोनदा येतेच. त्याने स्वतःहून तिकडच्या तीन शेतकऱ्यांचे नंबर दिले. तिघांनाही फोन केले. दोघांनी चांगलं सांगितलं. तिसरा म्हणाला काम चांगलं आहे पण दिवाळीच्या आठवड्यात कुणी फोन उचलत नाही. मला तिसऱ्याचं बोलणं जास्त पटलं, कारण त्यामुळे पहिल्या दोघांवर विश्वास बसला.

उमदीत त्याच मॉडेलचा एक ट्रॅक्टर निघाला, माळावरच्या एका काकांकडे. त्यांना पेटीची कल्पना सांगितली. ते म्हणाले, निम्मे पैसे माझे. आणखी एक जण पुढच्या वर्षी घेणार आहे, तो पण तयार आहे.

तर पहिलं मॉडेलच ठरवलंय. साठ हजारांचा फरक होता, त्यातले बारा हजार कोटेशनमध्ये कमी झाले. बाकीचं कमी करण्यापेक्षा मी सांगलीच्या डीलरकडून दोन फिल्टर सेट, पीटीओ सील, पुढच्या एक्सलची सीलं, बेल्ट आणि तेलाचं कॅन डिलिव्हरीसोबत बिलावर लिहून घेतलंय. वॉटर पंप वेगळा मागवलाय. महाडीबीटीचा अर्ज भरलाय, पूर्वसंमती आल्याशिवाय पैसे भरणार नाही असं डीलरला स्पष्ट सांगितलं.

पाना_बावीस

छान केलंत. पेटीत एक वस्तू राहिली, पार्ट कॅटलॉग. छापील नसेल तर डीलरकडून पीडीएफ घ्या आणि सीलं-बेअरिंगचे नंबर मोठ्या अक्षरात लिहून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा. रात्री नऊ वाजता फोनवर "ते मागचं गोल रबर" सांगून पार्ट येत नाही, नंबर सांगितला की येतो. आणि ते सील बसवताना शाफ्टवर गंज किंवा रेघ आहे का बघा. रेघ असेल तर नवीन सील पण महिन्यात गळतं. बारीक पॉलिश पेपरने साफ करून, ओठाला तेल लावून, सरळ ठोका. अडलं तर इथे लिहा.

बेदाणा_तासगाव

उमदीकर, तुमच्या मॉडेलचं पीटीओ सील आणि माझं एकच आहे असं वर्णनावरून वाटतंय. माझ्याकडे दोन जादा आहेत. नंबर जुळला तर एक सांगली-जत एसटीच्या पार्सलने पाठवतो, तुमचा ट्रॅक्टर यायच्या आधी पेटीत पडून राहू दे.

उमदी_द्राक्ष

नंबर आज रात्री बघून टाकतो. वडिलांना तुमची पोस्ट वाचून दाखवली. म्हणाले, त्यांना सांग, बेदाण्याच्या मोसमात शेडवर या.